वाचकांचे प्रश्न : कॅनॉलच्या काठाने सायकल

गेल्या अंकात बडोद्याच्या आसपासच्या कालव्यांच्या सर्व्हिस रोडवर, म्हणजे देखभालीसाठी काठाने बांधलेल्या रस्त्यावर, सायकल चालवण्याविषयी एक छोटी टीप छापली होती. तिच्यावर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. कोणती सायकल घ्यावी हे विचारणारे सर्वांत जास्त आहेत आणि हवा किती भरावी हे विचारणारे अगदी मोजके. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

माझ्याकडे हायब्रिड सायकल आहे, टायर ३५ मिमीचे. कॅनॉलच्या खडीवर तिच्यावर जाता येईल का? दुकानदार म्हणतो, ग्रॅव्हल बाइकच (खडीसाठीची रुंद टायरची सायकल) घ्या. (वाचक, मांजलपूर)

येईल. दुकानदाराचं आत्ता ऐकू नका. कॅनॉलचा रस्ता जवळजवळ सपाट असतो, कारण पाणी उतारावरून आपोआप वाहावं म्हणून कालव्याला अगदी थोडा ढाळ दिलेला असतो आणि रस्ता त्याच्या बरोबरीने जातो. चढ येतो तो फक्त पुलाशी, तोही दहा-वीस मीटरचा. त्यामुळे गिअर किती आहेत याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो टायरच्या रुंदीने.

आपल्याकडच्या सर्व्हिस रोडवर डांबर सोडलं तर तीन प्रकारचा पृष्ठभाग भेटतो. दाबून बसलेला मुरूम असेल तर ३५ मिमी पुरतो. सुटी खडी पसरलेली असेल तर ३५ मिमीचं पुढचं चाक रुतून आडवं जायला बघतं, तिथे ४० मिमी बरा. तिसरी काळी माती. ती सुकी असली की डांबरापेक्षा छान आणि ओली असली की कुठलाच टायर चालत नाही.

टायर बदलण्याआधी सायकलीत जागा आहे का ते पाहा. ६ नंबरचा ॲलन की घ्या आणि टायर व फ्रेम यांच्यामधून दोन्ही बाजूंनी, शिवाय चिमट्याच्या (फोर्कच्या) वरच्या जोडाखालून सरकवून बघा. नवा टायर सध्याच्यापेक्षा ५ मिमी रुंद असेल तर प्रत्येक बाजूला अडीच मिमी जागा कमी होणार, हे धरून ६ मिमी उरले पाहिजेत. न उरल्यास चिकटलेला खडा फ्रेमचा रंग आणि पुढे धातूही घासत बसतो. डिस्क ब्रेक किंवा व्ही-ब्रेक असेल तर बहुधा जागा असते. रोड सायकलीच्या कॅलिपर ब्रेकखाली ती नसते.

टायरवर दोन आकडे छापलेले असतात. ४०-६२२ यातला ६२२ हा रिमचा व्यास आहे आणि तो जुळलाच पाहिजे. ‘७००’ लिहिलेलं बघून घेतलं तरी चालतं, पण ‘२८ इंची’ एवढंच ऐकून घेऊ नका. का, ते पुढच्या एका उत्तरात आहे. नक्षी फार खोल नको. मधला पट्टा जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला छोटे खुंट असलेला टायर कॅनॉलवरही बरा आणि कॅनॉलपर्यंतच्या डांबरावरही. आपली निम्मी राइड डांबरावरच होते.

पंपवाल्याने ६५ पौंड हवा भरून दिली. खडीवर हात बधिर झाले, दात वाजले. मग कमी केली तर पंक्चर झालं. नक्की किती ठेवायची? (वाचक, वाघोडिया रोड)

दोन्ही चुका म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू. हवा जास्त असली तर टायर खडीवर दबत नाही, उडतो. उडालेल्या चाकाला पकड नसते आणि प्रत्येक धक्का मनगटात येतो. हवा फार कमी असली तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन समांतर चिरा पडतात. तुमचं पंक्चर तसंच होतं का, ते ट्यूब काढून बघा. एकच बारीक भोक असेल तर हवेचा दोष नाही, काट्याचा आहे.

सुरुवात करायला आकडे असे. ४० मिमी टायर, आत ट्यूब, चालवणाऱ्याचं वजन ६५ किलोच्या आसपास असेल तर पुढे ३६, मागे ४० पौंड. वजन ८० असेल तर ४० आणि ४५. ३५ मिमी टायरला यात ८ ते १० पौंड वाढवा. ट्यूबलेस असेल तर ५ ते ८ पौंड कमी करा, कारण चिमटायला ट्यूबच नाही. मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून मागे नेहमी जास्त. कॅरिअरला पिशवी लावणार असाल तर मागे आणखी ३.

मग स्वतःचा आकडा शोधा. ओळखीच्या खडीवर एक किलोमीटर चालवा, दोन्ही चाकांतून ३-३ पौंड सोडा, तोच किलोमीटर पुन्हा. रिम दगडावर ठक्कन लागल्याचा आवाज एकदा जरी आला तरी ३ पौंड वाढवा आणि तिथेच थांबा. तो आकडा वहीत लिहून ठेवा. पेट्रोल पंपावरची मशीन मोठ्या टायरसाठी असते, सायकलच्या एवढ्याशा टायरला झटक्यात जास्त हवा जाते. घरी काटा असलेला उभा पंप घ्या. काट्याचे आकडे थोडे खोटे असले तरी रोज तोच काटा वापरला की पुरतं.

एका फेरीत तीन पंक्चर. तिन्ही बाभळीचे काटे. ट्यूबलेस करू का? (वाचक, छाणी)

आधी काटे येतात कुठून ते बघू. कालव्याच्या बांधावर सगळीकडे वेडी बाभूळ माजलेली आहे, इकडे तिला गांडो बावळ म्हणतात. गावकरी सरपणासाठी फांद्या तोडून रस्त्यावरून ओढत नेतात आणि मागे काटे सांडतात. म्हणजे तोडलेल्या फांद्यांचा ढीग दिसला की पुढचे पन्नास-शंभर मीटर उतरून चालायचे, सायकल उचलून. एवढ्याने निम्मी पंक्चर टळतात. दुसरा शत्रू गोखरू. तो पावसाळ्यानंतर रस्त्याच्या मधल्या गवतपट्ट्यात असतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यावरून चालवू नका, चाकोरीतून चालवा. तिसरा काळ फेब्रुवारी-मार्चचा. कपाशीच्या पळाट्या उपटून गाड्यांतून नेतात, त्यांचे तुटके बुडखे तिरपे कापलेले असतात आणि टायरच्या बाजूची भिंत चिरतात. ती चीर ठिगळाने नीट होत नाही.

तीन पंक्चरचं बहुतेक वेळा एकच कारण असतं. पहिल्या वेळी ट्यूब बदलली, काट्याचं टोक टायरातच राहिलं. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि आतलं दोन-तीन मिमीचं टोक रबरात दडून बसतं. बाहेरून दिसत नाही, बोटालाही कळत नाही, वजन पडलं की आत येतं.

त्यावरचा उपाय क्रमाने करा. टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर ठेवा. पंक्चर झालं की ट्यूब काढून हवा भरा, भोक शोधा, व्हॉल्व्हपासून किती वीत ते मोजा आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर, दोन्ही दिशांना बघा, कारण ट्यूब उलटी धरली गेली असू शकते. टायर आतून बाहेर उलटवून त्या जागी वाकवा म्हणजे रबर फाकतं आणि टोक दिसतं. ते नेलकटरने किंवा चिमटीने आतल्या बाजूने ओढा. मग सबंध टायर आतून सुती फडक्याने पुसा. कुठे धागा अडकला तर तिथे आणखी एक काटा आहे. बोटाने चाचपू नका, बोट फुटतं.

ठिगळ लावताना लोक घाई करतात ती सोल्युशन लावल्यावर. सॅंडपेपरने ठिगळापेक्षा थोडी मोठी जागा घासा, ट्यूबवरची साच्याची उभी रेघ सपाट होईपर्यंत. सोल्युशनचा पातळ थर पसरा आणि पाच मिनिटं थांबा. चमक गेली, बोट लावल्यावर चिकटतं पण ओढून येत नाही, अशी वेळ आली की ठिगळ ठेवा आणि मधून कडेकडे अंगठ्याने दाबत जा. ओल्या सोल्युशनवर ठेवलेलं ठिगळ घरी पोहोचेपर्यंत टिकतं आणि दुसऱ्या दिवशी कडेने सुटतं. ठिगळावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटत नसेल तर तसाच राहू द्या.

आता ट्यूबलेस. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे असतील तर करा, नुसतं रिमला टेप लावून साध्या टायरवर नको. तो टायर रिमवरून सुटू शकतो. ७००×४० टायरला ६० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. बडोद्याच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. मार्च ते जूनमध्ये सहा-सात आठवड्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून काडी घालून बघा, ओली आली नाही तर ३० मिली टाका. गोखरू घुसला तर तो ट्यूबलेसमधून रस्त्यात काढू नका, तो स्वतःच बूच होऊन बसलेला असतो. घरी काढा. मोठा बाभळीचा काटा असेल तर काढा, भोक लगेच खाली जमिनीकडे फिरवा म्हणजे सीलंट तिथे साचेल, अर्धा मिनिट थांबा. तरी फसफसत असेल तर रबरी दोरीचा प्लग लावा. मोटरसायकलीसाठी विकतात ते जाड पंक्चररोधक द्रव सायकलीच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये घालू नका, त्यातले तंतू व्हॉल्व्ह तुंबवतात आणि मग हवा भरताच येत नाही.

ज्यांची सायकल साधी आहे त्यांनी ट्यूबलेसचा नाद सोडून दोन जादा ट्यूब, सहा ठिगळं, टायर उचलायच्या दोन पट्ट्या, हातपंप आणि नेलकटर ठेवावा. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॅप्टरही, नाहीतर गावातला पंपवाला हात टेकतो. एवढ्याशा वस्तूपायी दहा किलोमीटर सायकल ढकलत यावं लागतं.

नेमका कुठला कॅनॉल? कुठून सुरू करायचं? परवानगी लागते का? (अनेक वाचक)

छाणी, भायली इथे ‘कॅनॉल रोड’ नावाचे रस्ते आहेत. नाव तेवढं कॅनॉलचं, बाकी ते आता शहराचे रस्ते झाले आहेत. तिथे शांतता शोधायला जाऊ नका. शांतता शहराबाहेर लागते.

आपल्या बाजूला नर्मदा योजनेचं जाळं आहे. केवडियाजवळच्या धरणापासून निघालेला मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर जाऊन राजस्थानात शिरतो. बडोद्याच्या पूर्वेकडून तो जातो. त्याला शाखा कालवे फुटतात, त्यातला एक वडोदरा शाखा कालवा, ज्याच्यावर शहराच्या कडेला १० मेगावॉटची सोलर पॅनल बसवली आहेत. २०१५ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते उद्घाटन झालं ते हेच. दक्षिणेकडे डभोई-करजणच्या बाजूला मियागाम शाखा आहे. शाखांना डिस्ट्रिब्युटरी (उपशाखा) फुटतात, त्यांना मायनर (लहान कालवे). मुख्य कालव्याच्या दोन्ही काठांना रुंद रस्ता असतो, शाखेला बहुधा असतो, मायनरला एकाच बाजूला जेमतेम बैलगाडीएवढी वाट. सब-मायनर तर आता पुष्कळ ठिकाणी जमिनीखालच्या पाइपात गेले आहेत, नकाशावर दिसले तरी जागेवर सापडत नाहीत.

नव्या माणसाने शाखा कालव्यापासून सुरुवात करावी. मुख्य कालवा फार एकाकी आणि मोठा आहे, मायनरवर दर शंभर पावलांवर कुणाची तरी पाण्याची मोटर किंवा गुरं.

वाट ठरवण्यासाठी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा. पाण्याच्या पट्टीला समांतर फिकट रेघ दिसते तो सर्व्हिस रोड. तिच्यावरचे सगळे पूल मोजून खुणा करा. दोन पुलांमधलं अंतर हे तुमचं एकक आहे, कारण मधे काही झालं तर डांबरापर्यंत यायला पूलच लागतो. मग रेघ कुठे तुटते ते पाहा. कालवा नदी ओलांडतो तिथे रस्ता बहुधा थांबतो. ओरसंग आणि हेरण या नद्यांवरून मुख्य कालवा पुलासारख्या जलसेतूवरून जातो, काही ठिकाणी सायफनने, म्हणजे बंद नळातून, खालून. तिथे सायकल पलीकडे नेता येईलच असं धरून वेळेचं गणित करू नका. पहिल्या वेळी जाण्याचे १५ आणि येण्याचे १५ किलोमीटर पुरे. त्याच वाटेने परत या, गोल फेरीच्या मोहात पडू नका.

परवानगीचं म्हणाल तर हा सार्वजनिक रस्ता नाही. कालव्याच्या देखभालीसाठी बांधलेला सरदार सरोवर नर्मदा निगमचा रस्ता आहे. पुष्कळ ठिकाणी गावकरी, दूधवाले, शेतकरी तो रोज वापरतात आणि कुणी अडवत नाही. पण फाटक लावलेलं असेल, साखळी असेल, ‘प्रवेश निषेध’ची पाटी असेल किंवा चौकीदार नको म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरा. पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या रेग्युलेटरच्या दरवाज्यांपाशी आणि पंपघरापाशी थांबून फोटो काढत बसू नका.

काठावर किलोमीटरचे दगड किंवा आकडे रंगवलेले असतात. जाताना लक्ष ठेवा. १०८ला फोन करायची वेळ आली तर ‘कॅनॉलवर कुठेतरी’ सांगून गाडी येत नाही. कालव्याचं नाव, जवळच्या पुलाचं गाव आणि दगडावरचा आकडा सांगा.

पक्ष्यांची आवड असलेल्यांसाठी एक जोड. डभोईजवळचा वढवाणा तलाव गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेला, ओरसंगचं पाणी कालव्याने आणून भरतात. २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. डभोईपर्यंत गाडीत सायकल टाकून न्या आणि तिथून पुढे चालवा. डिसेंबर-जानेवारीत जा. पाळीवर सायकल चालवायला देतात का ते तिथल्या वनखात्याच्या माणसाला विचारूनच.

पत्नीला आणि मला साठीनंतर हे सुरू करायचं आहे. पाणी खोल असतं, मगरींचं ऐकतो, कुत्री असतात. घाबरायचं कशाला आणि कशाला नाही? (वाचक, दांडिया बाजार)

पहिला क्रमांक पाण्याचा, आणि तो मगरींमुळे नाही. नर्मदेच्या कालव्यांना आतून सिमेंटचं अस्तर आहे. उतार तिरपा, त्यावर शेवाळं, पाणी संथ दिसतं पण वेगाने जातं. मुख्य कालवा सुरुवातीला ७३ मीटर रुंद तळाचा आणि साडेसात मीटर खोल आहे. त्यात पडलेला चांगला पोहणाराही त्या अस्तरावर पाय रोवून वर येऊ शकत नाही, हात घसरतात. म्हणून तोंड धुवायला, बाटली भरायला, फोटोला, कशालाही त्या उतारावर उतरायचं नाही. कुणी पडलंच तर मागे उडी मारू नका. हवा भरलेली जादा ट्यूब, दोरी, ओढणी, लांब फांदी टाका आणि काठाने पळत पुढचा पूल किंवा लोखंडी शिडी गाठा. सायफनच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते, त्याआधीच काही करता आलं तर येतं.

याच कारणाने चाकोरी निवडताना पाण्यापासून लांबची, शेताकडची घ्या. ट्रॅक्टर समोरून आला तर उतरून शेताकडेच उभे राहा. मात्र पावसाळ्यानंतर शेताकडची कडही पोखरलेली असते, गवताने झाकलेली. एक हात आत राहा.

मगर विश्वामित्रीत आहे, शहराच्या मधोमध, हे बडोदेकराला सांगायला नको. ती आसपासच्या तळ्यांत आणि कधी कालव्यांतही येते. रस्त्यावरच्या सायकलवाल्याच्या मागे ती लागत नाही. पाण्याच्या कडेला बसणाऱ्याला धोका. पावसाळ्यात जमिनीवरही हिंडते, तेव्हा दिसली तर तिला वाट देऊन लांबून परत फिरा.

कुत्री गावची कमी, धनगरांच्या कळपाबरोबरची जास्त. कळप दिसला की पन्नास मीटर आधी उतरा, सायकल स्वतः आणि कुत्रा यांच्यामध्ये धरा, चालत जा, मालकाला हाक मारा. तो एका शिट्टीत बोलावतो. पेडल मारून पळणाऱ्याच्या पोटरीलाच कुत्रं लागतं. पहाटे नीलगाय आडवी येते. एक गेली म्हणजे संपलं नाही, मागून दुसरी येतेच, थांबा.

खरं घाबरायचं ते पुलांना. सर्व्हिस रोड पुलाशी वर चढून गावच्या डांबरी रस्त्याला मिळतो आणि कठड्यामुळे बाजूची गाडी दिसत नाही. अर्ध्या तासाच्या निवांतपणानंतर माणूस तिथे बेसावध असतो. प्रत्येक पुलावर पाय टेका. एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ. बाकी दोघांनी दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून चालवा, जोडीने नाही, आणि कुठे चाललात ते घरी सांगून निघा.

वडिलांची जुनी काळी २८ इंची सायकल पडून आहे. ती चालेल? (वाचक, रावपुरा)

छान चालेल, आणि तिचा अपमान करू नका. तिचा टायर २८×१½ म्हणजे ४०-६३५, पूर्ण ४० मिमी रुंद. आज दुकानात ‘ग्रॅव्हल’ म्हणून विकतात तीच रुंदी. फक्त रिमचा व्यास ६३५ आहे, ७००च्या सायकलीचा ६२२ टायर तिला बसत नाही. वर सांगितलं ते यासाठी.

कमी पडतो तो ब्रेक. दांडीचे ब्रेक लोखंडी रिमवर घासतात आणि रिम ओला झाला की जवळजवळ धरतच नाहीत. ओल्यात नेऊ नका, ब्रेकचे रबर नवे घाला, पुलाच्या उतारावर आधीच वेग कमी करा. मागच्या आणि पुढच्या हबचे छर्रे काढून ग्रीस बदलून घ्या, आऱ्या एकसारख्या ताणून घ्या. व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा बोटभर तुकडा खिशात ठेवा. जुनी नळी उन्हाने चिरते आणि लोक पंक्चर समजून सबंध ट्यूब काढत बसतात. या व्हॉल्व्हवर हवेचा काटा चालत नाही. बसल्यावर मागचा टायर जरासा फुगलेला दिसला पण रिम जमिनीला लागली नाही, म्हणजे हवा बरोबर.

खडीत वळताना दोनदा पडले. ब्रेक लावला की चाक घसरतं. (वाचक, सामा)

वळताना ब्रेक लावता म्हणून. सुट्या खडीवर टायरकडे थोडीच पकड असते, ती एकतर वळायला वापरा नाहीतर थांबायला. वळणाच्या आधी सरळ असतानाच वेग उतरवा आणि वळताना दोन्ही ब्रेक सोडून द्या. सायकल कमी वाकवा, हँडल थोडं जास्त फिरवा. सरळ थांबताना दोन्ही ब्रेक, पुढचा दोन बोटांनी हलका, ढुंगण सीटच्या मागच्या कडेला. खोल खडी आली की उलट करायचं : ब्रेक नको, पेडल एकसारखं चालू, हँडल सैल, कोपरं वाकलेली. पुढचं चाक डावी-उजवीकडे हलेल, हलू द्या. घट्ट धरून ते सरळ करायला गेलं की पडायला होतं. नजर चाकासमोर नको, पंधरा मीटर पुढे. सुरुवातीला सीट एक सेंटिमीटर खाली घ्या म्हणजे पाय टेकतात.

पावसाळ्यात? (वाचक, कारेलीबाग)

डांबरी सर्व्हिस रोड असेल तर जा. काळ्या मातीचा असेल तर शेवटच्या मोठ्या पावसानंतर तीन कडक उन्हं पडेपर्यंत नको. ती माती टायर आणि फ्रेममध्ये साचून चाक जागेवर धरते. मग लोक जोराने पेडल मारतात, चिखल-गवताचा गोळा मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) जातो आणि तो जिथे टांगलेला असतो तो हँगर मोडतो. चाक फिरेनासं झालं की पेडल मारणं थांबवून काडीने चिखल काढा आणि सायकल खांद्यावर घ्या.

उन्हाळ्यात सकाळी किती वाजता निघावं? पाणी किती? (वाचक, अलकापुरी)

मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, साडेपाचला दिवा लावून निघा आणि साडेआठला घरात असा. बांधावर बाभळीशिवाय झाड नसतं, सावली मिळत नाही. तासाला ५०० ते ७५० मिली पाणी धरा. दोन तासांहून जास्त असेल तर एका बाटलीत ओआरएस, पण पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये घालू नका. जानेवारीत उलट : सूर्योदय सव्वासातच्या आसपास, धुकं असेल तर आठपर्यंत थांबा.

वाऱ्याचं गणित बांधावर नेहमीपेक्षा महत्त्वाचं, कारण अडवायला काही नसतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. जाताना तो तोंडावर घ्या, म्हणजे दमल्यावर पाठीवर मिळतो. खायला थेपले, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, केळं. शेव-उसळ परत आल्यावर, आधी नाही. तिखटाने तहान वाढते आणि मधे पाणी नाही.

चेन दर फेरीनंतर करकरते. तेल घालतो तरी. (वाचक, गोत्री)

तेल घालता म्हणूनच. कॅनॉलची धूळ पिठासारखी बारीक असते, ओल्या चेनवर बसून तिची घासपट्टी होते. आधी सुक्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुन्हा पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर नको. शिवणयंत्राचं तेल पातळ पडतं, गाडीचं इंजिन ऑइल जाड. सायकलीचं ‘ड्राय’ लिहिलेलं तेल किंवा मेण घ्या. आणि चेन मोजा : बारा जोडकड्या, म्हणजे पिन ते पिन अशी चोवीस अंतरं, नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी भरतात. ३०६.५च्या पुढे गेली असेल तर कितीही तेल घाला, करकर थांबणार नाही. चेन बदला, नाहीतर पाठोपाठ मागची दातेरी चकतीही बदलावी लागेल.